तोरगल बाईंची लांब वही

तोरगल बाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सप्तापूरच्या नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. चांगला दहा फुटी. त्यात सगळ्यात मोठा चेहरा मंत्रिसाहेबांचा, त्याखालोखाल आमच्या वर्गातल्या विनू कडोलकरचा, हात जोडलेला, आणि अगदी खाली कोपऱ्यात, जिथं फ्लेक्स छापणारा आपलं नाव टाकतो त्याच्या शेजारी, बाई. फोटो कुठल्या तरी ओळखपत्रावरून फुगवलेला, त्यामुळं बाईंचं नाक भलत्याच कुणाचं तरी वाटत होतं. मी स्कूटर थांबवली आणि भर रस्त्यात हसलो. गाडीवरच्या केळीवाल्यानं मान वर करून विचारलं, "यार तीरकोंडार्री?" कोण वारलं म्हणून. मी म्हटलं, त्या कोपऱ्यातल्या अक्कोरे. इकडं कन्नड बोलणारे शिक्षिकेला अक्कोरे म्हणतात. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, पण त्याला काही त्या सापडल्या नाहीत.

बाई असत्या तर त्यांनी फ्लेक्स नीट वाचला असता, छत्रीचं टोक विनूच्या नाकाकडं रोखलं असतं आणि म्हटलं असतं, "कडोलकर, वही."

त्या वहीसाठीच हे लिहितोय. बाईंचं चरित्र मला ठाऊक नाही. त्यांनी लग्न का केलं नाही, त्यांचे भाऊ कुठं असतात, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. धारवाडातल्या एका मराठी शाळेत त्या आठवी ते दहावी इंग्रजी शिकवायच्या. अंगकाठी वाळक्या शेंगेसारखी, हातात बारा महिने काळी छत्री, खडू चष्म्याच्या जुन्या डबीत. आवाज कधी चढला नाही. वर्गात गोंधळ झाला तर त्या शिकवायचं थांबवून खिडकीबाहेर बघत बसायच्या, आणि आम्हालाच आमची लाज वाटायला लागायची. कॉपी करताना सापडलेल्या पोराला त्यांनी एकदा नुसतं सोडून दिलं. "याला निदान गरज होती," म्हणाल्या. गोंधळ चालायचा, कॉपी चालायची, गृहपाठ न करणंही एकवेळ चालायचं. त्यांना चालायची नाही ती एकच गोष्ट. मस्का.

त्यासाठी टेबलाच्या खणात लांब वही असायची, हजेरीपटासारखी आडवी, निळ्या पुठ्ठ्याची. बाईंपाशी किंवा कुणाही मोठ्या माणसापाशी गोंडा घोळताना कुणी सापडला की त्याची नोंद. आपल्या हातानं तारीख घालायची, नाव घालायचं, काय बोललो ते जसंच्या तसं लिहायचं. मग सगळ्यात अवघड रकाना, शब्द. आपण जे केलं त्याला इंग्रजीत नेमकं काय म्हणतात ते शब्दकोशात आपणच शोधायचं. आपल्या रांगेच्या तपासनिसानं ते तपासायचं आणि सही करायची. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो बाईंचा. शब्द चुकला की शेरा ठरलेला: "चूक. पुन्हा."

पहिली नोंद विनूची, हे सांगायला नकोच. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात तो उभा राहून म्हणाला, "बाई, तुमचं इंग्रजी म्हणजे अगदी इंग्लंडच्या राणीसारखं आहे." बाईंनी विचारलं, "राणीला कधी बोलताना ऐकलंस?" आणि लगेच खण उघडला. "वही घे." विनू अर्धा तास शब्दकोश चाळून "सिकोफंट" घेऊन आला. शब्द लांबलचक, त्यामुळं त्याला तो आवडलेला. बाईंनी मान हलवली. "सिकोफंटला दरबार लागतो, सत्ता लागते. तुझी एवढी ऐपत नाही अजून. तू टोडी."

आणि मग त्यांनी टोडीची गोष्ट सांगितली. विलायतेत जत्रेत भोंदू वैद्य फिरायचे. त्यांच्याबरोबर एक चेला असायचा. लोकांच्या देखत त्या चेल्यानं बेडूक खायचा. बेडूक विषारी असतो अशी तिकडं समजूत. चेला बेडूक गिळून तडफडायचा, वैद्य आपलं औषध पाजायचा, चेला टुणकन उठून बसायचा आणि औषध खपायचं. टोड म्हणजे बेडूक, त्या बेडूक खाणाऱ्यावरून टोडी. "मालकाचं औषध खरं ठरावं म्हणून जो बेडूक गिळतो, तो," बाई म्हणाल्या. "कडोलकर, मधल्या सुट्टीत डबा नीट खा. आत्ता बेडूक खाल्लायस." वर्ग हसला. विनूही हसला. त्याच्यात लाज नावाचा अवयवच नव्हता, तो आजतागायत उगवलेला नाही.

तीन वर्षांत आम्ही असे पुष्कळ शब्द शिकलो आणि त्यांच्या पायऱ्याही. लॅकी म्हणजे मालकानं दिलेला गणवेश घालून मिरवणारा. पॅरासाइट म्हणजे मूळचा दुसऱ्याच्या पंक्तीला बसणारा, पानावरचं संपेपर्यंत स्तुती करणारा. कॅम्प फॉलोअर फौजेमागून जातो, पण लढाईच्या दिवशी दिसत नाही. क्लॅक म्हणजे नाटकाला पढवून आणून बसवलेले टाळ्यावाले. लिकस्पिटल शब्द आला तेव्हा बाई म्हणाल्या, याला समजावून सांगायची गरज नाही, आपल्याकडं थुंकी झेलणारे पिढ्यान् पिढ्या आहेत. फॉलोअर हा शब्द मात्र त्यांनी वहीत कधी येऊ दिला नाही. "फॉलोअर स्वतःच्या पायांनी चालतो. लोंबणाऱ्याशी त्याची गल्लत करू नका."

पेढ्याचंही असंच. गुरुपौर्णिमेला कुणी पेढ्याचा पुडा आणला तर बाई तो घ्यायच्या नाहीत आणि परतही करायच्या नाहीत. आणणाऱ्याला समोर बसवून सगळा पुडा संपवायला लावायच्या. आम्ही एकदाच शहाणे झालो. विनू दहावीच्या वर्षी अर्धा किलो घेऊन आला. सहाव्या पेढ्याला त्याचा रंग बदलला, दहाव्याला त्यानं पाणी मागितलं. बाई शांतपणे निबंध तपासत होत्या. "सावकाश," म्हणाल्या, "गुरूवरची श्रद्धा आहे, घाई नको." तो आज पेढ्याचा वास आला तरी तोंड फिरवतो, आणि मंत्रिसाहेबांना मात्र दर दिवाळीला पाच किलो पाठवतो.

मुलांपुरतंच हे असतं तर बाई सुखानं हेडमिस्ट्रेस होऊन निवृत्त झाल्या असत्या. आम्ही नववीत असताना शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. ते कविता करायचे. त्यांनी आमच्या वर्गात एक म्हणून दाखवली, ती पूर्ण तासभर चालली. ती संपली तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. साहेब खूश, शेरा उत्तम. दुसऱ्या दिवशी बाईंनी शिपायाबरोबर वही ऑफिसात पाठवली. नोंद स्वतः लिहून दिलेली: हेडमास्तरांचं नाव, "कवितेनं डोळ्यांत पाणी आलं," आणि शब्दाच्या रकान्यात "कृपया भरावा." हेडमास्तर तावातावानं वर्गाच्या दाराशी आले. बाई म्हणाल्या, "सर, रुमाल कोरडा होता. मी पहिल्या बाकापाशी उभी होते." त्यांनी रागारागानं रकान्यात "कर्टसी" लिहिलं, म्हणजे शिष्टाचार. बाईंचा शेरा: "चूक. पुन्हा." पुढं हेडमास्तरकी बाईंना डावलून त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी नव्या असलेल्या माणसाला मिळाली.

इथवर वाचून कुणाला वाटेल, काय बाणेदार बाई. बाणेदार होत्याच, पण त्या आंधळ्याही होत्या, तेही सांगतो. आमच्या वर्गात सुलोचना नावाची मुलगी होती, अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यातली. आईबाप शेतमजूर. ती रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायची. एकदा तिनं पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं आणली, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून म्हणाली, "बाई, रविवारी तुम्ही दिसत नाही, मला करमत नाही." वर्गात कुणी हसलं. बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "वही घे." ती मधली सुट्टीभर शब्दकोश उघडून बसली होती, पानांवर टिपं पडत होती. तिला शब्द सापडला नाही. सापडणार कसा, शब्दकोशात तो त्या पानांवर नव्हताच. तिनं रकाना कोरा सोडला. तिच्या रांगेचा तपासनीस मी होतो. मी कोऱ्या रकान्यापुढं मुकाट्यानं सही केली. सुलोचना पुढं दीड वर्ष बाईंशी अभ्यासापलीकडं एक शब्द बोलली नाही.

आम्ही पांगलो. मी तारिहाळच्या एका कारखान्यात चिकटलो, व्हॉल्व्ह बनवतात तिथं, खरेदी बघतो. विनूनं आधी फ्लेक्स छापले, मग फ्लेक्सवरच्या माणसांबरोबर उभा राहायला लागला, आणि बघता बघता मंत्रिसाहेबांच्या डाव्या हाताला त्याची जागा पक्की झाली. साहेब कन्नडमध्ये काहीही बोलले की वाक्य संपायच्या आत याचं "हौद्री साहेब्र" येतं, होय साहेब. साहेब शिंकले तरी येतं. बाईंच्या भाषेत सांगायचं तर त्याची आता सिकोफंटची ऐपत झाली होती.

बाई निवृत्त झाल्या, पण शाळेत जायच्या थांबल्या नाहीत. इंग्रजीची जागा भरलीच गेली नाही, तेव्हा त्या फुकट शिकवत राहिल्या. मुलं कमी होत गेली. धारवाडातल्या मराठी घरांनी आपली पोरं केव्हाच इंग्रजी माध्यमात घातली होती, त्यात माझीही आली. उरल्या त्या अळणावरच्या गाडीनं येणाऱ्या मुली, नववीच्या वर्गात अकरा. आणि वरून पत्र आलं की पटसंख्या कमी, पुढच्या वर्षापासून शाळा बंद.

त्याच सुमाराला विनूच्या डोक्यात बाईंच्या पंच्याहत्तरीचा सत्कार शिरला. आम्ही चारपाच जण त्याच्या मागून बाईंच्या सप्तापूरच्या दोन खोल्यांवर गेलो. विनू खाटेवर पुढं सरकून बसला. "बाई, साहेब स्वतः यायला तयार झालेत. तुम्ही दोन शब्द चांगले बोला की त्यांच्याबद्दल. काय जातंय तुमचं? साहेब मनावर घेतले की शाळेचं काम झालंच म्हणून समजा."

बाई म्हणाल्या, "सत्कार कुणाचा आहे?"

"तुमचाच की हो बाई!"

"मग दोन शब्द त्यांनी बोलावेत."

विनू कसनुसा हसला. विषय तिथंच संपणार होता. तेवढ्यात दारात सुलोचना उभी राहिली. तीसेक वर्षांनी मी तिला पाहत होतो. केस पांढरे झालेले, पायांत साध्या चपला, पिशवीत टिफिनचा डबा. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच टेकली. "बाई, माझी पोरगी नववीत हाय. तुमच्यापाशीच शिकतीया. गाडीनं येतीया, सगळ्या मिळून येत्यात, म्हणून तिचा बाप गप हाय. शाळा बंद केले तर तो तिला घरात बसिवतोय बघा. एक वर्ष राहिलंय, बाई. दहावी तेवढी होऊ द्या."

बाई उठल्या. कपाटातून निळ्या पुठ्ठ्याच्या सातआठ वह्या काढल्या, एक निवडली, पान उलटलं आणि ती सुलोचनाच्या हातात दिली. मी मान लांबवून पाहिलं. करवंदांची नोंद. तिच्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ, आणि शेऱ्यात: "ही चूक माझी." खाली तारीख त्याच दिवसाची. त्या संध्याकाळीच बाईंनी ती रेघ मारली होती, आणि एवढी वर्षं सांगितलं नव्हतं. सुलोचनानं पान वाचलं, वही मिटून डोक्याला लावली. मला बाईंचा त्या क्षणी विलक्षण राग आला. दुसऱ्याच्या कोरड्या रुमालावर बोट ठेवणाऱ्या बाईंना एका पोरीची माफी मागायला तोंड नव्हतं.

बाई विनूकडं वळून म्हणाल्या, "मी येते. काय बोलायचं ते मला ठाऊक आहे."

समारंभ एप्रिलमध्ये हुबळीला देशपांडे नगरातल्या एका सभागृहात झाला. मागच्या पडद्यावर छापलेले साहेब दाराएवढे, बाई पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. साहेब दीड तास उशिरा आले, त्यांच्याबरोबर पन्नास माणसं, ती पुढच्या खुर्च्यांवर बसली, आणि बाईंचे विद्यार्थी मागं भिंतीला टेकले. विनूनं मानपत्र वाचलं, त्यात बाई दोनदा आल्या आणि साहेब नऊ वेळा. शाल दोनदा घालावी लागली, कारण पहिल्यांदा फोटोग्राफरच्या मध्ये कुणाचं तरी डोकं आलं. दुसऱ्या वेळी साहेबांनी बाईंकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघून ती घातली.

मग बाई माइकपुढं उभ्या राहिल्या. छत्री बरोबर होतीच.

"मी जन्मभर मुलांना सांगत आले की मोठी माणसं पुस्तकांत भेटतात," बाई म्हणाल्या. "आज कळलं, मी चुकीचं शिकवलं. साहेब आत आले आणि या सभागृहात उजेड पडला. त्यांचं कन्नड ऐकावं, त्यांची दूरदृष्टी बघावी. आमच्या शहराचं भाग्य की अशा माणसाला दोन मिनिटं माझ्यासारखीकडं यायला सवड झाली." त्या हेच मराठीत बोलल्या, मग कन्नडमध्ये बोलल्या, मग इंग्रजीत. कुठं अडखळल्या नाहीत. एकही स्तुती जादा नाही, एकही कमी नाही, प्रत्येक जिथं बसायला हवी तिथं बसलेली. एवढं निर्दोष लांगूलचालन मी पुन्हा ऐकलेलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी त्याचाच तर अभ्यास केला होता. शेवटी त्यांनी साहेबांना वाकून नमस्कार केला, पंच्याहत्तर वर्षांच्या बाईंनी, आणि म्हणाल्या, "साहेब, शाळा तेवढी एक वर्ष राहू द्या. अकरा मुली आहेत."

साहेब भरून पावले होते. माइक ओढून घेऊन म्हणाले, "अक्कोर मातु मीरोदिल्ल!" बाईंचा शब्द मोडणार नाही. टाळ्यांचा कडकडाट. मागच्या भिंतीपाशी पहिली टाळी माझी पडली. आनंदानं पडली, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर चहाच्या वेळी गर्दीत घुसून साहेबांच्या खुर्चीमागं उभं राहून एक फोटोही काढून घेतला. आमच्या मालकांचं तारिहाळच्या जागेचं काम साहेबांकडं अडकलंय, म्हटलं फोटो असलेला बरा.

पुढचं कुणालाही ओळखता येईल असं झालं. मी विनूला फोन करायचो. "साहेबांच्या कानावर आहे की." मग, "फाइल वर गेलीय." मग, "साहेब बेंगळूरला आहेत." मग तो फोन उचलेनासा झाला. मेच्या शेवटी शाळा उघडायच्या आठवड्यात आदेश आला आणि दाराला कुलूप लागलं. मुलींना दुसऱ्या शाळेत सामावून घेतल्याचं कागदावर होतं. ती कन्नड माध्यमाची, स्टेशनपासून दोन बस बदलून जायची. अकरांतल्या चार गेल्या. सुलोचनाची मुलगी पावसाळ्यात आईबरोबर भाताच्या लावणीला जायला लागली.

जुलैत एका रविवारी सकाळी मी बाईंकडं गेलो. सांत्वन करावं असा बेत होता. बाई टेबलाशी बसल्या होत्या, समोर निळ्या पुठ्ठ्याची शेवटची वही आणि जाडा शब्दकोश. सत्काराची शाल खुर्चीच्या पायाखाली घडी करून घातलेली, खुर्ची डुगडुगायची म्हणून. मी म्हटलं, "बाई, तुम्ही केलंत ते त्या मुलींसाठी केलंत. त्याला कुणी नावं ठेवणार नाही. तुमच्याएवढं मोठं मन..."

बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि वही माझ्याकडं फिरवली. "तपास आणि सही कर."

तारीख सत्काराच्या दुसऱ्या दिवसाची. नाव, मालती तोरगल. काय बोलली, या रकान्यात भाषण शब्दन् शब्द उतरवलेलं, तिन्ही भाषांत. शब्दाच्या रकान्यात टोडी. त्याच्यावर खाडाखोड नव्हती, त्यांना शोधावं लागलं नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात दोन वाक्यं, दोन वेगळ्या शाईंची. पहिलं निळ्या शाईचं, तेव्हाच लिहिलेलं: "बेडूक गिळला." दुसरं काळं, ताजं: "औषध खोटं निघालं."

मी टेबलावरचं बाईंचं पेन उचललं. मग सही केली. वही मिटायला लागलो, तर बाईंनी छत्रीचं टोक पानावर ठेवलं.

"टाळी पहिली तुझी होती. मी वरून बघत होते. फोटो काढलास तोही बघितला. आणि आत्ता मोठ्या मनाचं काहीतरी म्हणत होतास." त्यांचा आवाज नेहमीसारखाच खाली होता. "खालची ओळ रिकामी आहे."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही, पुढच्या थंडीत त्या गेल्या. त्या सकाळी मी खिशातून पेन काढलं, तारीख घातली, नाव घातलं. बाईंनी शब्दकोश माझ्यापुढं सरकवला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.